सांडलं तर?

जगात पातळ म्हणून जे जे काही आहे ते आपापल्या भांड्यात नीट राहतं, ते केवळ आमच्या भावोजींच्या काळजीमुळे, असं माझं ठाम मत आहे. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे शेलार गावचे, पण लग्नानंतर कामतघरला आमच्या शेजारच्याच चाळीत बिऱ्हाड केलं आणि पाणी तपासणाऱ्या एका छोट्याशा लॅबमध्ये नोकरीला लागले. कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांच्या नाल्याचं, खाडीचं, गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायचं, ते वाटेत बदलू नये म्हणून ज्या त्या तपासणीप्रमाणे त्यात ॲसिडचे नाहीतर आणखी कसले थेंब टाकायचे, आणि खोक्यात नीट बसवून पुण्याच्या मोठ्या लॅबकडे कुरिअरने रवाना करायचं, हे त्यांचं काम. "काय करता?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "पाणी पाठवतंय." त्यामुळे उन्हाळा लागला की चाळीतल्या नव्या बायका त्यांच्याकडे टँकरसाठी नंबर लावायला यायच्या. भावोजी त्यांना बसवून घ्यायचे, आपलं पाणी पिण्याचं नसून तपासायचं असतं हे समजावून सांगायचे, आणि जाताना त्यांच्या हंड्याचं झाकण सैल आहे एवढं मात्र आवर्जून दाखवायचे.

त्यांच्या साऱ्या आयुष्याचं सार एका प्रश्नात होतं, "पण सांडलं तर?" लॅबच्या मॅडमनी त्यांना माल पाठवण्याचे नियम एकदा शिकवले आणि त्या बाईला स्वप्नातही वाटलं नसेल इतके ते या माणसाच्या हाडीमाशी खिळले. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, प्रवासात पाणी डुचमळतं, त्याला जागा लागते. झाकणावरून चिकटपट्टी. बाटली एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. भोवती लाकडाचा भुसा, म्हणजे फुटलीच तर पाणी जिथल्या तिथे जिरेल. बर्फसुद्धा पिशवीत, कारण बर्फाचं पाणी गळलं तरी कुरिअरवाल्याला वाटणार ॲसिडच गळतंय. आणि खोक्यावर वरची बाजू दाखवणारे बाण, चारी अंगांना. "दोनच बाण का नाही?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हमाल कोनच्या बाजूनं येल, तुला ठावं हाय का?"

हे लॅबपुरतं राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण भावोजींचं डोकं म्हणजे एकच खोली, तिला माजघर, ओटी, स्वयंपाकघर असली भानगड नाही. ताईने कैऱ्यांचं लोणचं घातलं की ते म्हणणार, "मीठ आनि तेल कशाला घालतात? टिकावं म्हनून. म्हंजे हे बी सॅम्पलच." मग लोणच्याची बरणी माझ्याकडे यायची ती दोन पिशव्यांत, भुशाच्या अंथरुणावर, झाकणाला पट्टी लावून, आणि वर चिठ्ठी: काय आहे, कुठलं आहे, कधी भरलं, कुणी भरलं, आत टिकण्यासाठी काय घातलं आहे. मध्ये फक्त एक बोळ. माझा नवरा त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, "आज सासुरवाडीहून घातक माल आलाय, जरा लांब बसा." भावोजी स्वतः डब्यात आमटी नेत नसत. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला की आधी थोडासा मठ्ठा घेऊन त्यानेच ग्लास तीनदा विसळायचा, तो पत्रावळीशेजारी ओतायचा आणि मगच ग्लास भरून घ्यायचा. नमुना घेताना बाटली त्याच पाण्याने विसळतात, तशी हाताला खोड लागलेली. वाढपी आधी थक्क व्हायचा, मग चिडायचा, आणि चौथ्या वेळेला पुढच्या पानाकडे निघून जायचा.

नाक्यावर एका कोकणी मुसलमान चाचांचं कुरिअरचं दुकान होतं. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि रागावले की दोन्ही. भावोजी पहिल्यांदा तिथे खोका घेऊन गेले तो प्रसंग चाचा अजून रंगवून सांगतात. दुकानात ही गर्दी. चाचांनी सहज विचारलं, "इसमें क्या है?" आणि खोटं बोलण्याची ज्याला सवयच नाही असा हा माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "पाणी हाय, आनि पाण्यात ॲसिड हाय." दुकान रिकामं झालं. चाचा गल्ल्यामागे उभे राहून म्हणाले, "भाई, तेजाब घेऊन इथे कशाला आलास? माझी दुश्मनी कुणाशी नाही." मग भावोजींनी त्यांना शांतपणे समजावलं, की नुसत्या ॲसिडची बाटली कुरिअरने पाठवणं हा गुन्हा, ती मी मेलो तरी आणणार नाही. पण बाटलीभर पाण्यात दोन थेंब पडले तर नियमाने ते पाणीच राहतं, फक्त मर्यादा ओलांडायची नाही. "चाचा, मिरची वेगली आनि भाजी वेगली. भाजीत मिरची हाय म्हनून तुम्ही भाजीला मिरची म्हनता का?" चाचांना हे पटलं. पुढे त्यांनी गल्ल्याशेजारी भावोजींसाठी एक स्टूलच ठेवलं, आणि दुसऱ्या कुणाचं पार्सल गळकं निघालं की ते त्याला भावोजींच्या हवाली करायचे. तासभर नियम ऐकून तो माणूस आयुष्यात पुन्हा गळकं पार्सल आणत नसे.

हसू येतं तसं त्याचं वाईटही वाटायचं. पिंकी, म्हणजे माझी भाची, भावोजींची एकुलती एक मुलगी. ती झाली तेव्हा दवाखान्यात मी होते. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं यांच्यापुढे धरलं तर हे दोन पावलं मागे सरले आणि भिंतीला टेकून म्हणाले, "नको, नको. सांडली तर?" नर्स हसून हसून बेजार झाली. पण ते काही गंमत करत नव्हते. पोर मान धरून, पाठ ताठ करून आपली आपण बसायला लागेपर्यंत या माणसाने तिला उचललं नाही. पाळण्याशी तासन् तास बसायचे, एक बोट तिच्या मुठीत द्यायचे, तेवढंच. ताई चिडायची. म्हणायची, "दुनियेच्या विहिरी यांच्या हातून सुखरूप पुण्याला जातात, आणि पोटची पोर घ्यायला हात कापतात." मला वाटतं, ज्याची किंमत कळते तेच हातात घ्यायची भीती वाटते, आणि त्यांना किंमत जरा जास्तच कळायची.

पिंकीच्या लग्नात रुखवताच्या खोक्यांवर बाण होते हे सांगायला नकोच. वऱ्हाड नागपूरला निघालं, पोर रडतेय, ताई रडतेय, मी तर कालपासूनच रडतेय, आणि वधूपिता कुठे? गाडीच्या डिकीत अर्धे आत शिरून ड्रायव्हरला सांगतायत, "भाऊ, ह्यो खोका आडवा न्हाय ठेवायचा, बाण बघ." गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा त्यांना ओढून बाहेर काढलं. पिंकी पाया पडली. ते म्हणाले, "जप हां. बरन्या वाटेत एकदा बघून घे." बस, एवढंच. नातेवाईक म्हणाले, कसला कोरडा माणूस. पण गाडी गेली, मांडव रिकामा झाला, आणि मी बघितलं तर भावोजी तिथेच उभे होते, हातात चिकटपट्टीचं अर्धं संपलेलं रीळ घेऊन. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं तेव्हा कुठे त्यांना कळलं की ते आपल्या हातात आहे.

वर्ष-दीड वर्षाने पिंकीला दिवस गेले. बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ताईच नागपूरला गेली. भावोजींचं जेवण माझ्याकडे. मुलगी झाली. मी म्हटलं, "भावोजी, नात झाली, जा की बघायला." तर म्हणाले, "विहिरींचं काम चालू हाय. सॅम्पलला सुट्टी नसते." खोटं. नातीला कुणी मांडीवर ठेवलं तर काय करायचं, या धास्तीने माणूस जात नव्हता, हे मला दिसत होतं.

आता आमच्या माहेरची एक रीत आहे. घरात मूल झालं की बारशाच्या दिवशी त्याच्या आंघोळीला वज्रेश्वरीच्या गरम कुंडाचं पाणी लागतं. आधी ओंजळभर टाळूवर, मग उरलेलं घंगाळात. माझ्या, ताईच्या, पिंकीच्या, सगळ्यांच्या डोक्यावर ते पडलेलं आहे. ताईचा नागपूरहून फोन आला, "ह्यांना सांग, कुंडाचं पाणी पाठवा. बारशाच्या सकाळपर्यंत पोचलं पाहिजे." भावोजींची नेमकी त्याच रस्त्याला विहिरींची ड्युटी होती. त्यांनी येताना कुंडाचं पाणी भरलं, आणि तेही कशात, तर लॅबच्या स्वच्छ नव्या बाटलीत, कारण बाजारच्या बाटलीच्या झाकणावर त्यांचा विश्वास नव्हता. लॅबमध्ये येऊन नेहमीसारखं काम आवरलं, पाण्याचं पार्सल पुण्याला गेलं, आणि नातीचं पार्सल नागपूरला. ते त्यांनी स्वतः बांधलं. चाचा म्हणाले, "मियाँ, एवढ्यात तर मी माझं अख्खं दुकान बांधलं असतं." खोक्यावर त्या दिवशी बाण जास्तच होते.

बारशाच्या दिवशी मी माझ्या शिलाईच्या मशीनवर बसले होते. खालच्या कारखान्यात लूमची खटखट चालू होती. जेवायला अजून वेळ होता तरी भावोजी दारात आले. चपला न काढता आत आले, तेव्हाच मी मशीनवरचा पाय काढला. म्हणाले, "नागपूरला फोन लाव." आवाज त्यांचा नव्हताच. मी विचारलं, काय झालं ते सांगा तरी. तर भिंतीला धरून उभे राहिले आणि सांगू लागले. पुण्याहून फोन आला होता. तिथे बाटल्या पोचल्या की आधी कागदाच्या पट्टीने तपासतात. ॲसिड असेल तर पट्टी लाल होते. विहिरीच्या एका बाटलीत पट्टी लाल झालीच नाही. "मी टेबलावर वळीनं बाटल्या मांडल्या व्हत्या. वळीतल्या एकूनएक बाटलीत थेंब टाकलेत. मना पक्कं आठवतंय. मंग ती विहिरीची वळीत नव्हतीच, पिशवीतच राहिली व्हती. आनि तिच्या जागी..." ओळीत कुंडाच्या पाण्याची बाटली उभी होती. बाटली दिसली की थेंब, हे त्यांच्या हाताला इतकं मुरलेलं की हाताने डोक्याला विचारलंच नाही.

मी म्हटलं, "पण दोन थेंबांनी काय होतंय? तुम्हीच म्हणता ना, ते पाणीच राहतं?" तर म्हणाले, "पार्सलच्या गाडीत घालायला पाणी राहतं गं. टालूवर घालायला न्हाय. बारा दिवसांची कातडी. डोल्यात गेलं तं?" मी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. भावोजी माझ्या डोक्याशी उभे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघतायत, आणि तोंडाने पुटपुटतायत की आंघोळ सकाळीच घालतात, सकाळीच घालतात. बारशाच्या घरी फोन कोण मोकळा ठेवणार? मी आमच्या वज्रेश्वरीला जेवढे नवस माहीत होते तेवढे सगळे बोलून टाकले. आणि मग एकदाची रिंग गेली.

फोन ताईने उचलला आणि माझा आवाज ऐकताच तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "ते आहेत का तिथे? त्यांना दे. नाही, तूच ऐक. काय पार्सल बांधलंय ते? सकाळपासून जावई सुरी घेऊन बसलेत. खोका फोडला तर आत खोका. मग भुसा, सगळ्या घरभर भुसा. मग पिशवी, पिशवीत पिशवी, पिशवीत पिशवी. आता बाटली दिसायला लागली तर झाकणाला चिकटपट्टीचा हा थर, नखं तुटली माझी. पोर रडून लाल झाली, शेवटी नळाच्या पाण्याने आंघोळ घालून मोकळी झाले मी. आता पाहुणे यायची वेळ झाली, आणि तुमचं कुंड अजून बंदच आहे."

मी रिसीव्हर भावोजींच्या कानाला लावला. ते ऐकत होते. ताई बोलत होती आणि हा माणूस हळूहळू भिंतीला घासत खाली बसला, जमिनीवर, माझ्या कापडाच्या चिंध्यांत. "उघडू नको," एवढंच म्हणाले, "ती बाटली उघडू नको." आणि मग लपवालपवी न करता जे झालं ते सगळं तिला सांगितलं. तोंडाला पदर लावून मीच रडत होते. मग ताई इतक्या हलक्या आवाजात बोलली की मला ऐकायला वाकावं लागलं. म्हणाली, "बरं झालं तुम्ही असे आहात ते. आता तुम्हीच या. हातानं पाणी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा वज्रेश्वरीला गेलो. मी घरातनं झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, लॅबच्या बाटलीला शिवू दिलं नाही. कुंडाचं पाणी भरलं. येताना वाटेत बस सोडून भावोजींनी त्या राहिलेल्या विहिरीचंही पाणी पुन्हा भरून घेतलं. मी म्हटलं, "आत्ता?" तर म्हणाले, "तिचं पाणी पिनाऱ्यांची पन पोरंबालं हायेत." मॅडमना त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं, त्यांनी रजा दिली, आणि मी त्यांना एकटं सोडलं नाही, बरोबर गेले. कल्याणपासून नागपूरपर्यंत डबा त्यांच्या मांडीवर. वर बर्थ रिकामा होता, तरी पाठ टेकली नाही.

नागपूरला आंघोळीची तयारी झाली. पाणी घंगाळाशी आलं तेव्हा भावोजींनी खिशातून कागदाची पट्टी काढली, डब्यात बुडवली आणि उजेडात धरली. जावई वाकून बघत होते, विहीणबाई बघत होत्या, आणि एरवी अशा वेळी फटकारणारी माझी बहीण पदर खोचून शांत उभी होती. पट्टी लाल झाली नाही. त्यांनी ती पुन्हा एकदा बुडवली, कुणी हसलं नाही. मग ताईने ओंजळभर पाणी टाळूवर घातलं. पोर दचकली आणि मग मजेत पाय मारायला लागली. आंघोळ झाली, धुरी झाली, दुपट्यात बांधून झाली, आणि पिंकीने काही न विचारता ते गाठोडं सरळ बापाच्या हातांत ठेवलं. मागे सरायला जागाच नव्हती, मागे कपाट होतं. "पिंके," ते कसेबसे म्हणाले, "सांडली तर?"

पिंकीने त्यांचा कोपर जरासा वर केला, बाळाची मान नीट टेकवली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या हातून आजवर काय सांडलंय?"

ते कपाटाला टेकून खाली बसले आणि कितीतरी वेळ तसेच होते. चहा आला तो गार झाला. नातीने त्यांच्या सदऱ्यावर करायचं ते केलं, तरी हलले नाहीत. मी त्यांना एवढी वर्षं बघितलं, पण कुठे काय गळतंय याकडे लक्ष नसलेले भावोजी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

आता ते रिटायर झालेत. लॅबवाल्यांनी निरोपाला घड्याळ दिलं, चाचांनी ते बसायचे ते स्टूलच घरी पाठवून दिलं, त्यावर गंमत म्हणून चारी बाजूंनी बाण काढून. पण गेल्या वर्षापासून भावोजींचे हात थरथरतात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, फरक नाही. ज्या हातांनी बाटलीत मोजून थेंब टाकले त्यांना बशी धरवत नाही. ताई त्यांना अर्धाच कप देते. ते तोही लोकांसमोर घेत नाहीत, "नुकताच झालाय" म्हणतात, आणि आत जाऊन एकटे पितात. मला हे समजतं, पण समजत नसल्यासारखं मी दाखवते. दुसरं काय करणार?

यंदाच्या मे महिन्यात नागपूरची नात आली. चांगली शाळेत जाणारी, बडबडी. संध्याकाळी आम्ही सगळे ओटीवर चहाला बसलो. भावोजी म्हणाले, "माझा झालाय." पोर म्हणाली, "खोटं, मी होते ना इथे," आणि तिने आपल्या हाताने बशीत चहा ओतून त्यांच्यापुढे धरला. आता नाही कसं म्हणणार? त्यांनी बशी घेतली. बशी हलायला लागली, आणि चहा त्यांच्या लेंग्यावर, ओटीवर, तिच्या फ्रॉकवर सांडला. ताईने मान वळवली.

"आजोबा, सांडलं," पोर म्हणाली.

भावोजी त्या ओल्या डागाकडे बघत राहिले. मग तिच्याकडे बघितलं, आणि हसले. "सांडू दे बाय," म्हणाले, "तुझ्यापुढं सांडलं तर काय बिघडलं?" आणि बशीत उरलेला चहा त्यांनी आम्हा सगळ्यांच्या देखत, सांडत सांडत, संपवला.